लहान गाडीतलं पांढरं पातळ

आमच्या ओळखीच्या एक बाई काही वर्षं परदेशात राहून आल्या आहेत. त्या घरी आल्या की तिथल्या बसमधल्या नि आगगाडीतल्या अनोळखी माणसांच्या चांगुलपणाच्या गोष्टी सांगतात. कुणी सामान उचलून दिलं, कुणी आपली छत्री दिली, कुणा म्हातारीनं डब्यातलं बिस्कीट पुढं केलं. शेवटी हमखास म्हणतात, "आणि जात कुणी विचारली नाही हो." ऐकणारे सगळे माना डोलावतात. मी डोलावत नाही. मला राग येतो, आणि तो त्या बाईंचा नसतो. अनोळखी माणसाच्या डब्यातलं खायला मला समुद्र ओलांडावा लागला नाही. माझा परदेश दर्यापूर ते मुर्तिजापूर एवढाच होता. तिथं लहान गाडीत मला भरभरून माया मिळाली, आणि ती आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

लहान गाडी म्हणजे अरुंद रुळांवरची गाडी. अचलपूरहून निघायची, अंजनगाव, दर्यापूर करत मुर्तिजापूरला यायची. तिथं उतरून अकोल्याकडे किंवा अमरावतीकडे जायची मोठी गाडी धरायची. लहान गाडीला घाई नव्हती. एखाद्याची टोपी उडाली तर तो उतरून ती घेऊन परत चढायचा. त्यामुळे डब्यातली माणसं एकमेकांना पुरती सोलून काढायची. कुठं चाललात, कोणत्या गावचे, कोणाच्या घरचे. तिसरा प्रश्न आला की मी सावध व्हायचे. पहिले दोन त्या तिसऱ्यासाठीच असतात, हे आमच्याकडे लेकरालाही कळतं.

छप्पन साली आमच्या घरानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. त्यासाठी आईनं स्वतःसाठी नि माझ्यासाठी पांढरी पातळं घेतली होती. दोन्ही अगदी कोरी, काठसुद्धा नसलेली. तिथून परत आल्यावर माझ्या अंगात काहीतरी वेगळंच संचारलं. मी कुंकू लावायचं सोडलं, हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवून ठेवल्या. आईनं मात्र कुंकू सोडलं नाही. ती म्हणायची, "धर्म बदलला, नवरा नाई बदलला." बाबा जिनात कामाला होते. सरकी नि कापसाच्या धुळीनं त्यांचा घसा कायम बसलेला असायचा, पण एक गोष्ट ते मोठ्यानं सांगायचे. "कोनी इचारलं तं सांगजो, आमी बौद्ध आहोत. नाई इचारलं तरी सांगजो."

पुढच्या वर्षी मी अमरावतीला नॉर्मल स्कुलात मास्तरणीचं शिक्षण घ्यायला गेले. सतरा वर्षांची होते. चांगलं म्हणावं असं ते पांढरं पातळच होतं, म्हणून प्रवासात तेच नेसायचे. इंजिनातून कोळशाचे कण उडायचे आणि मुर्तिजापूर येईतो माझ्या खांद्यावर काळे ठिपके पडायचे. त्या ठिपक्यांचाही मला राग यायचा. तेव्हा माझा राग असाच, दिसेल त्यावर बसायचा.

दिवाळीची सुटी संपवून परत निघाले होते. दर्यापूरला बायकांच्या डब्यात चढले. अंजनगावकडून आलेली एक बाई बाकावर ऐसपैस बसली होती. पन्नाशीची, गोरी, ठसठशीत कुंकू, कोपरापर्यंत बांगड्या. तिचा गडी पलीकडे पुरुषांच्या डब्यात होता आणि दर स्टेशनाला खिडकीशी येऊन काही हवं का म्हणून विचारत होता. मोठ्या घरची बाई होती हे सांगायला नको. तिनं मला आपल्या शेजारी जागा करून दिली.

"कुटी चालली व माय?"

"अमरावतीले. नॉर्मल स्कुलात शिकून राहिली मी."

"एकटीच?"

"हो."

ती माझ्या कपाळाकडे बघत राहिली. मग हातांकडे. मग पातळाकडे. तिचे डोळे एकदम भरून आले.

"किती दिस झाले व त्या गोष्टीले?"

"कोन्या गोष्टीले?"

"राहू दे. नोको सांगू. समजते मले."

तिनं माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं आणि सरळ रडायला लागली. समोरच्या बाकावरच्या बायका चुकचुकल्या. एकीनं आपली खिडकीची जागा मला दिली. मला काही उमजेना. त्या बाईनं फडकं सोडलं, ज्वारीची भाकर, त्यावर जवसाची चटणी आणि भरली मिरची ठेवून माझ्या हातावर दिली. आपला पितळी लोटा उचलून माझ्या हातात दिला. तो लोटा तोंडाजवळ नेताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिनं मला विधवा ठरवलं होतं.

आमच्या गावात पाटलाच्या विहिरीवर आमची घागर चालत नव्हती. आईला विहिरीपासून लांब उभं राहून कुणीतरी पाणी ओतायची वाट बघावी लागे. तिनं आयुष्यात अशा मोठ्या घरातला लोटा हातात धरला नव्हता. आणि माझ्या हातात तो होता, कारण कधीही न झालेल्या लग्नातला माझा नवरा मेला होता. मला त्या बाईच्या आसवांची चीड आली. ती आसवं खरी होती, म्हणून जास्तच चीड आली.

मी म्हटलं, "काकू, मी तशी नाई."

"तशी कशी असशीन? चांगल्या घरची दिसतं," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मी पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात तिनं माझा हात घट्ट धरला आणि आपल्या मुलीचं सांगायला लागली. मुलगी सोळा वर्षांची. नवरा तापानं गेला. सासरच्यांनी आणून टाकली. "आमच्यात पाट लावत नाई, दुसरं लगन नाई. कुणब्यायच्यात लावतात, आमच्यात नाई," हे सांगताना रडतारडता तिची मान ताठ झाली. पोरगी आता मागच्या खोलीत बसून असते. सणावाराला पुढं येत नाही, कुणाच्या लग्नाला जात नाही. चौथीपर्यंत शिकलेली होती, आता घरातली जुनी वर्तमानपत्रं तीच तीच वाचते.

"तुले पाहून वाटलं, माह्या पोरीलेबी असं शिकाले धाडता येईन. तुले कोनं धाडलं? सासऱ्यानं?"

"माह्या बाबांनं."

"देवमानूस," ती म्हणाली.

जिनातल्या माझ्या बापाला कुणी त्या घरात देवमाणूस म्हटलं असतं का? मी गप्प बसले. का बसले, हे मला पुष्कळांनी विचारलं आहे, आणि विचारणाऱ्यांचा मला संताप येतो. रडणाऱ्या बाईला मध्येच तोडून आपण कोण ते डबाभर ऐकू जाईल असं सांगायला आवाज लागतो. तो कमवावा लागतो. सतराव्या वर्षी तो माझ्याकडे नव्हता. शिवाय त्या मागच्या खोलीतली पोरगी माझ्या डोळ्यांसमोर येऊन बसली होती. मी तोंड उघडलं असतं तर तिचं दार तिथंच बंद झालं असतं, एवढं मला कळत होतं.

पुढच्या सुटीत मी बाबांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "लोटा हातात देल्ला?"

"हो."

"ते पानी तुले नाई देल्लं. तुह्या मेलेल्या नवऱ्याले देल्लं. अन् तुले तं नवराच नाई."

एवढं बोलून ते कामावर गेले. आई म्हणाली, "पोरीले भूक लागली असीन, खाल्लं. त्यात काय एवढं?" पण त्या दिवशी तिनं माझ्यासाठी बाजारातून रंगीत पातळ बघायचं काढलं. मी नाही म्हटलं. आता तर मी हट्टानं पांढरंच नेसणार होते.

होळीनंतर अमरावतीला परत जाताना ती बाई पुन्हा भेटली. भेटली म्हणजे, दर्यापूरच्या फलाटावर गाडी लागली तेव्हा ती खिडकीतून मान काढकाढून मला शोधत होती. "ये व माय, ये," करत तिनं मला आत घेतलं. शेजारी एक मुलगी बसली होती. मळकट पांढरं लुगडं, पदर नाकापर्यंत. हात मांडीवर, रिकामे. मी जवळ बसले तरी तिनं वर पाहिलं नाही.

"हेच माही पोरगी," ती म्हणाली, आणि मग सगळं एका दमात सांगितलं. अकोल्याला तिचा भाऊ वकिली करत होता. घरात त्याचा शब्द चालायचा. पोरीला शिकायला ठेवा म्हणून हिनं त्याच्यामागं लकडा लावला तेव्हा तो म्हणाला होता, आपल्या तोलाच्या घरातली एक तरी विधवा पोर मला दाखव जी मास्तरीण होऊन राहिली आहे, मग मी पुढचं बघतो. त्यासाठी ती पोरीला घेऊन निघाली होती. माझी सुटी संपायची वेळ तिनं हिशेब करून काढली होती.

"तू मुर्तिजापूरहून आमच्यासंगं अकोल्याले चाल. त्याच्यापुढं फकत उभी राय. त्यानं डोयानं पायलं तं त्याले पटन. एक रोज उशिरा गेलं तं काय होते?"

मला बैलबाजारात उभं केल्यासारखं वाटलं. तिथं तरी बैलाचे दात बघून घेतात. हिनं काहीच न बघता मला घेऊन टाकलं होतं. माझं कपाळ, माझं घर, माझा मेलेला नवरा, सगळं हिनंच ठरवलं आणि आता त्याच्या जोरावर मला आपल्या भावापुढं नेणार होती. मुलगी पदराच्या आडून ऐकत होती. तिच्या हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती. मी हो म्हटलं असतं तर कदाचित ती बोटं सुटली असती. मला ते दिसत होतं. पण त्यासाठी मी वकिलाच्या दिवाणखान्यात उभी राहून माझ्या बापाला आणि आईला पुसून टाकायचं होतं.

"काकू, मी विधवा नाई," मी म्हटलं. "माहं लगनच नाई झालं. हे पातळ दीक्षेचं हाय. आमी बौद्ध आहोत. छप्पन साली झालो."

या वेळी आवाज निघाला. समोरच्या बाकापर्यंत गेला.

त्या साली वऱ्हाडात हा शब्द ऐकून आम्ही कोण ते न कळणारं माणूस नव्हतं. बाईच्या चेहऱ्यावर गावानं आम्हाला दिलेलं जुनं नाव उमटलं.

"मंग आंधी काहून नाई सांगतलं?"

"तुमी इचारलं नाई. तुमी रडाले लागल्या."

आमच्या दोघींच्या मध्ये तो पितळी लोटा होता. तिनं तो उचलून आपल्या मांडीवर घेतला. पाणी बाहेर फेकलं नाही. फेकलं नाही याबद्दल मी तिचे आभार मानावेत असं मला पुढं एकदोघांनी सुचवलं, त्यांच्याशी मी त्यानंतर बोलले नाही. बाई उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. मुलीला "इकडे ये" म्हणाली. मुलगी उठली नाही.

तिनं पदर कपाळापर्यंत मागं घेतला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. माझ्याच वयाची, माझ्यासारखेच फुटलेले ओठ.

"तुमच्यात पोरीचा नवरा मेला तं काय करतात?"

"दुसरं लगन करून देतात. माह्या मावशीचं झालं. दोन लेकरं हायेत तिले."

"अन् शिकाचं असलं तं?"

"तं शिकाचं. पैसा अन् जागा भेटली पायजे. कोनी घरात कोंडत नाई."

ती मग आईकडे वळून, जसं भाजीत मीठ कमी पडलं हे सांगावं तसं म्हणाली, "माय, मले यायच्या घरी काहून नाई जन्माले घातलं?"

बाई ताडकन उठली, मुलीचा पदर धरून पुन्हा नाकापर्यंत ओढला आणि तिला दंडाला धरून पलीकडे नेलं. मुर्तिजापूरला त्या अकोल्याच्या फलाटाकडे गेल्या आणि मी माझ्या वाटेनं. कितीतरी वर्षं मला वाटत राहिलं की ती पोरगी मागच्या खोलीत परत गेली. मी खरं बोलले त्याची किंमत तिनं दिली, आणि ती तिनं का द्यावी, हे मला कधी उलगडलं नाही. राग कुणावर काढायचा हेही कळत नव्हतं, म्हणून तो सगळ्यांवर निघायचा. वर्गातल्या पोरींवरसुद्धा.

साठ साल उलटून बरीच वर्षं झाली होती. मी मास्तरीण होऊन मूर्ती-अगरबत्तीपासून लांब, स्वतःच्या पगारावर, दर्यापूर तालुक्यात राहत होते. लग्न झालं होतं. पांढरी पातळं मात्र सुटली नव्हती, आता निळ्या काठाची नेसायचे. अकोल्याहून परत येत होते. एसटी खचाखच भरलेली, बाजाराचा दिवस. मधल्या बाकावरून एक हात वर झाला.

"इकडे ये व माय. बस."

ती म्हातारी झाली होती. कुंकू गेलेलं, अंगावर पांढरं लुगडं. तिनं सरकून जागा केली, आणि मी बसले. का बसले ते मलाही नीट सांगता येत नाही. पोरीचं काय झालं हे जाणून घ्यायचं होतं, बहुतेक तेवढ्यासाठीच.

"मास्तरीन झाली," मी विचारायच्या आधीच ती हसत म्हणाली. "अमरावतीले नोकरीले हाय. वसतिगृहात खोली हाय तिले. सोतःची."

मी खरंच खूश झाले होते. "पन वकीलसाहेब कसे मानले?"

ती माझ्या कानाशी वाकली. चांगल्या मनानं, एखादी गंमत सांगावी तशी. "भावाले सांगतलं, गाडीत पोरगी भेटली, बामनाची, पांढऱ्या कपायाची, नॉर्मल स्कुलात शिकून राहिली. बामनाच्या घरची विधवा शिकते म्हनल्यावर त्याले पटलं. मंग बाकीच्यायलेबी पटलं. तुह्या पुण्याईनं झालं पाय सारं."

"माह्या नाई. बामनाच्या," मी म्हटलं.

तिला ते कळलंच नाही. ती हसतच होती.

"अन् तुमच्या पोरीनं? तिनं काय सांगतलं त्यायले?"

"तिनंच तं सुचवलं. गाडीतून उतरल्याबरोबर म्हने, माय, मामाले बामनाची सांग."

मी पुढच्या बाकाच्या दांड्याला धरून बसले. ज्या पोरीनं मला विचारलं होतं की तुमच्यात काय करतात, आणि आईला विचारलं होतं की तिथं का जन्माला घातलं नाही, तिनंच फलाट ओलांडायच्या आत मला पुसून टाकलं होतं. तिची अडचण मला कळत होती. तिला खोलीतून बाहेर पडायचं होतं आणि माझ्या नावानं ते दार उघडणार नव्हतं. सगळं कळत होतं, आणि त्यानं राग एका कणानं कमी होत नव्हता. एका आख्ख्या घराण्यानं माझ्या उदाहरणावरून पोरगी शिकवली होती आणि त्या घरात मी कधी नव्हतेच.

म्हातारीनं मांडीवरचं फडकं सोडलं. तीच ज्वारीची भाकर, तीच जवसाची चटणी. अर्धी भाकर मोडून तिनं माझ्यासमोर धरली. या वेळी मी कोण ते माहीत असताना धरली होती. हात जराही मागं घेतला नव्हता, हेही मी सांगते, कारण ते खरं आहे.

"घे. भुकेली दिसतं."

मला भूक होती. मी भाकरीकडे बघितलं आणि म्हटलं, "काकू, मी कोन हावो ते एकदा मोठ्यानं सांगा. इथंच, साऱ्यायले ऐकू जाईन असं. तुमची पोरगी कोनाले पाहून शिकली ते सांगा. मंग खाईन."

मग तिनं एसटीभर नजर फिरवली. पुढच्या बाकावर तिच्या गावाकडचे दोघे होते, मागं अंजनगावच्या बायका बसल्या होत्या. कंडक्टर तिकिटं फाडत जवळ येत होता. भाकर धरलेला तिचा हात काही वेळ तसाच राहिला.

मग तिनं भाकर फडक्यात ठेवली आणि फडक्याला गाठ मारली. दर्यापूर येईपर्यंत आम्ही दोघी एकाच बाकावर बसून होतो.